बारा गावांची लीग स्कॉटलंडसारखी मधातून फोडावी का?

आखरावरचा_गोली (घाटंजी) · ११ जून २०२५, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

आमच्याकडं दिवाळीनंतर कापसाचा पह्यला वेचा झाला का बारा गावच्या पोट्ट्यायची फुटबॉल स्पर्धा राह्यते. मैदान म्हणजे गावचा आखर, गोलपोस्ट बांबूचे, रेषा फक्कीच्या. आधी सरळ बाद पद्धत होती, हरला का घरी. त्याच्यात सहा गावं पह्यल्याच फेरीत ट्रॅक्टरमधी बसून वापस जात अन् पुढच्या साली वर्गणी द्यायले कुरकुर करत. म्हणून मागच्या साली सहा-सहाचे दोन गट पाडले, गटात सगळ्यायनं सगळ्यायशी खेळाचं.

झालं काय, का एका गटात दोन गावं सारख्या गुणांवर आली. बरोबरी झाली तं काय कराचं हे कुठंच लिहून नव्हतं. कमिटीनं चिठ्ठ्या टाकल्या, चौथीतल्या एका पोरीनं चिठ्ठी उचलली. ज्यायची निघाली नाही त्यायच्यातल्या कोण्यातरी बहाद्दरानं भोंग्याची वायरच तोडली. गावायची नावं घेत नाही, दोन्हीकडं माये सोयरे आहेत.

आता मुद्दा. माया भाचा शिकाले ॲबरडीनले आहे. २४ मेच्या रात्री त्यानं व्हिडिओ कॉल लावला तं मांगं नुसता गोंधळ, लाल कपडे घालून लोक रस्त्यावर. म्हने मामा, आमच्या क्लबनं स्कॉटिश कप जिंकला, १९९० नंतर पह्यल्यांदा. मी इचारलं, मंग लीगमधी किती नंबर? तं म्हने पाचवा! मले काही समजलंच नाही. वरून त्यानं सांगतलं का तिथंही लीग बारा संघायचीच आहे, पण सामने ३८ होतात, अन् शेवटी शेवटी टेबल मधातून फोडतात.

बारा संघ असले तं एकमेकांशी दोनदा खेळून २२ होतात, तीनदा खेळून ३३. मंग ३८ कुठून आले? फोडल्यावर गुण शून्यापासून सुरू होतात का मांगचेच पुढं चालतात? अन् हे आपल्याले बारा गावायसाठी जमंल का? आमच्या कमिटीत फुटबॉल समजणारे दोघं अन् भाषण करणारे नऊ आहेत, म्हणून इथं इचारून राह्यलो.

---

मरून_मोर्शी · १२ जून २०२५, रात्री ११:२०

गोलीभाऊ, बियाण्याची गर्दी आहे, दुकानाचं शटर दहाला ओढलं, जेवलो अन् मोबाइल हातात घेतला. तुमचा प्रश्न दुपारीच पाहिला होता. कपाशीची पाकिटं मोजता मोजता डोक्यात हेच चालू होतं.

स्कॉटलंडचं मला काय कळतं असं कोणी विचारायच्या आधी सांगून टाकतो. अकोल्याला कृषी विद्यापीठात असताना होस्टेलवर एका मित्राच्या कॉम्प्युटरवर फुटबॉल मॅनेजर नावाचा गेम होता. त्यात मी एडिनबराचा हार्ट्स क्लब घेतला, कारण फक्त मरून रंग. गेम सुटला, क्लब सुटला नाही. शनिवारी त्यांचे सामने आपल्या रात्री साडेआठला सुरू होतात, उन्हाळ्यात साडेसातला. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी तीनचे सामने टीव्हीवर दाखवतच नाहीत, जुना नियम आहे, लोकांनी मैदानात यावं म्हणून. त्यामुळं मी पाहतो कमी अन् मोबाइलवर वाचतो जास्त. बायको म्हणते, हवामानाचा अंदाज पाहता का एवढा वेळ!

आता गणित. बारा संघ, प्रत्येकानं बाकी अकरांशी तीनदा खेळायचं, ३३. चौथ्यांदाही खेळवलं तर ४४ होतात. तेही त्यांनी करून पाहिलंय, १९८६ ते ८८ अन् पुन्हा १९९१ ते ९४, बारा संघ अन् ४४ सामने. ते टिकलं नाही. २०००-०१ पासून ३३ सामने झाले की टेबल मधोमध तोडतात. वरचे सहा वरच्या सहांतच एकेकदा खेळतात, खालचे सहा खालच्यांत. पाच सामने आणखी, झाले ३८. गुण मात्र मागचेच पुढं चालतात. शून्यापासून काही नाही.

यातली मजा अन् त्रास एकाच नियमात आहे: एकदा तुम्ही खालच्या अर्ध्यात गेलात की कितीही गुण करा, सातव्याच्या वर चढता येत नाही. २००५-०६ मध्ये इन्व्हरनेस सातवा आला ५८ गुणांवर. अन् चौथा हिबर्नियन होता ५६ वर! गुण जास्त, नंबर तीन खाली. तुमच्या कमिटीत हे समजावून सांगायची तयारी आहे का ते आधी पाहा. मला तर वाटते, भोंग्याची दुसरी वायर तिथंच तुटेल.

दुसरी अडचण घरच्या-दारच्या मैदानाची. तीन वेळा खेळायचं म्हटल्यावर कोणीतरी एक दोनदा घरी खेळणार अन् दुसरा एकदाच. शेवटच्या पाचांत ते सारखं करून द्यायचा प्रयत्न असतो. हंगामाच्या आधीच, मागच्या वर्षांवरून कोण वरच्या सहात राहील याचा अंदाज बांधून वेळापत्रक करतात. अंदाज हुकला की कोणी एकाच मैदानावर तिसऱ्यांदा पाहुणा होऊन जातो. तुमचे सगळे सामने एकाच आखरावर, तुम्हाला ही कटकट नाही.

भाच्याचं कोडं सोपं आहे. लीग वेगळी, स्कॉटिश कप वेगळा, अन् लीग कप म्हणून तिसरी स्पर्धा. कप म्हणजे तुमची जुनी बाद पद्धतच. ॲबरडीनचा हंगाम असा विचित्र गेला की गोष्ट सांगावी. स्वीडनचा यिमी थेलिन कोच म्हणून आला. लीगच्या पहिल्या अकरा सामन्यांत दहा जिंकले, एक बरोबरीत, तोही सेल्टिकच्या घरी दोन गोलांनी मागं पडून. नोव्हेंबरात लोक चॅम्पियनची भाषा करू लागले. मग जी घसरण लागली ती दोन महिन्यांहून जास्त, लीगमध्ये एक विजय नाही. शेवटी पाचवा नंबर. अन् मेमध्ये हॅम्पडेनच्या मैदानावर त्याच सेल्टिकशी कपची फायनल. पहिला गोल ॲबरडीनच्याच डॉरिंग्टनकडून स्वतःच्या जाळ्यात. ८३व्या मिनिटाला सेल्टिकचा गोली श्मायकेल, त्याच्याकडूनही स्वतःच्याच जाळ्यात. म्हणजे १-१, अन् स्वतःहून कोणी काहीच केलेलं नाही! पेनल्टीत ॲबरडीनचा गोली मितोव्हनं दोन अडवल्या, ४-३. गंमत म्हणजे १९९० मध्येही ॲबरडीननं सेल्टिकलाच पेनल्टीवर हरवलं होतं, ९-८.

आता तुमच्या चिठ्ठीवर येतो, कारण खरी गोष्ट ती आहे. त्यासाठी मला माझ्याच क्लबची जखम उघडावी लागते.

१९६४-६५. तेव्हा गुण सारखे झाले तर गोलांची सरासरी बघत, म्हणजे केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. शेवटच्या दिवशी हार्ट्सच्या घरी किल्मार्नक आला. त्याला दोन गोलांनीच जिंकायचं होतं, एकानं भागणार नव्हतं. तो २-० नं जिंकला. दोघांचे ५०-५० गुण. हार्ट्सचे ९० गोल केलेले, ४९ खाल्लेले. किल्मार्नकचे ६२ अन् ३३. भागाकार करा: हार्ट्स १.८३७, किल्मार्नक १.८७९. विजेता किल्मार्नक, ०.०४२ नं. नुसती वजाबाकी केली असती तर हार्ट्स ४१, किल्मार्नक २९, कुठंच्या कुठं!

पुढं नियम बदलला, भागाकार गेला अन् वजाबाकी आली. १९८५-८६. हार्ट्स ऑक्टोबरपासून लीगमध्ये २७ सामने हरला नव्हता. शेवटच्या दिवशी, ३ मे १९८६, डंडीच्या डेन्स पार्कवर फक्त बरोबरी पाहिजे होती. तिकडं सेल्टिकनं सेंट मिरेनला पाच गोल चढवले. इकडं ०-० चालू, सात मिनिटं उरली, अन् अल्बर्ट किड नावाच्या बदली खेळाडूनं आधी एक अन् मग दुसरा गोल केला. दोघांचे पुन्हा ५०-५० गुण. सेल्टिक ६७ केले ३८ खाल्ले, हार्ट्स ५९ अन् ३३. वजाबाकीनं सेल्टिक २९, हार्ट्स २६. आता कॅल्क्युलेटर काढा अन् जुना भागाकार करा: सेल्टिक १.७६३, हार्ट्स १.७८८.

समजलं का? ज्या वर्षी भागाकार होता त्या वर्षी वजाबाकीनं जिंकलो असतो, अन् वजाबाकी आली त्या वर्षी भागाकारानं. एका आठवड्यानं कप फायनलही ०-३ हरलो. एवढं होऊनही कोणी वायर तोडली नाही, कारण नियम ऑगस्टपासून सगळ्यांना माहीत होता. तुमच्याकडं भांडण पोरीच्या चिठ्ठीवरून झालं नाही, चिठ्ठी टाकायची हे शेवटच्या दिवशी ठरलं म्हणून झालं.

तुमच्यासाठी हिशोब: पूर्ण बारांची एक फेरी म्हणजे ६६ सामने, फोडल्यावर १५ अधिक १५, एकूण ९६. रोज दोन धरले तर ४८ दिवस. तोवर तूर सोंगायला येईल अन् तुमचे बॅक शेतात असतील. त्यापेक्षा मागच्या सालचेच सहा-सहाचे गट ठेवा, ३० सामने. मग दोन्ही गटांतले वरचे तीन-तीन एकत्र करा, खालचे तीन-तीन एकत्र. गुण सोबत न्यायचे, अन् ज्यांच्याशी खेळणं झालं नाही त्या तिघांशीच खेळायचं. नऊ अधिक नऊ. एकूण ४८ सामने, २४ दिवस, प्रत्येक गावाला आठ सामने. कोणी पहिल्या दिवशी ट्रॅक्टरमध्ये बसत नाही.

अजून एक चीज त्यांच्या लीग कपमधून उचला. तिथं गटातला सामना बरोबरीत सुटला तर दोघांना एकेक गुण अन् लगेच पेनल्टी. पेनल्टी जिंकणाऱ्याला एक गुण जादा. त्यानं सारखे गुण होणंच कमी होतं, अन् लोकही शेवटपर्यंत थांबतात.

---

शंकरपट_शौकीन (तुमसर) · १३ जून २०२५, सकाळी ७:०५

मोर्शीवाले भाऊ, लिहिता झकास. पण एक सांगा, १९८५ मध्ये लीग ॲबरडीन जिंकलं, त्यानंतर २०२५ पर्यंत सेल्टिक नाही तर रेंजर्स, तिसरं नाव नाही. या साली पुन्हा सेल्टिक, ५५ वेळा, रेंजर्सच्या बरोबर. ज्या शंकरपटात चाळीस वर्षं दोनच बैलजोड्या जिंकतात तो पट पाहायला आम्ही तरी जाणार नाही. गावच्या पोरांना असल्या लीगचा आदर्श कशाला?

---

मरून_मोर्शी · १३ जून २०२५, रात्री १०:५०

दादा, पहिल्या नंबरासाठी पाहत असाल तर नकाच पाहू, मीही पाहत नाही. सेल्टिकनं २६ एप्रिललाच टॅनाडाइसच्या मैदानावर ५-० करून विषय मिटवला. रेंजर्सचं तर फेब्रुवारीत क्वीन्स पार्कनं, खालच्या डिव्हिजनच्या क्लबनं, त्यांच्याच घरी कपमधून तिकीट कापलं अन् त्याच महिन्यात कोच क्लेमेंट घरी गेला.

पण बाकीचं बघा ना. हिबर्नियन नोव्हेंबरात तळाला होता. कोच डेव्हिड ग्रेला काढा म्हणून ओरड चालू होती. काढलं नाही, अन् तो संघ तिसरा आला. हे लिहिताना माझा हात जड होतो, कारण हिबर्नियन म्हणजे आमच्या गल्लीतला दुश्मन. आम्ही सप्टेंबरात एक कोच काढला, एप्रिलमध्ये दुसरा, अन् टेबल फुटायच्या दिवशी सहावी जागा सेंट मिरेननं नेली. आम्ही सातवे. मे महिना नुसता खालच्या अर्ध्यात काढला, काही मिळवायचं नाही अन् काही गमवायचंही नाही. मी त्या पाच सामन्यांत दुकानाचं जीएसटी रिटर्न भरलं.

अन् खाली तर खरी मारामारी. बारावा सरळ खालच्या डिव्हिजनमध्ये जातो. या साली सेंट जॉनस्टन गेला, ज्यानं २०२१ मध्ये दोन्ही कप जिंकले होते. अकराव्याला आणखी एक संधी, खालच्या डिव्हिजनमधून झगडून आलेल्याशी घरी-दारी दोन सामने. या साली तो अकरावा रॉस काउंटी. दादा, हा क्लब डिंगवॉल नावाच्या गावातला आहे, वस्ती पाच-साडेपाच हजार. स्टेडियममध्ये माणसं मावतात साडेसहा हजार! आख्खं गाव बसलं तरी खुर्च्या उरतात. सलग तिसऱ्या वर्षी ते ह्या झगड्यात होते. २०२३ मध्ये पार्टिक थिसलनं त्यांना एकूण तीन गोलांनी मागं टाकलं होतं, शेवटच्या वीसेक मिनिटांत तिन्ही फेडले अन् पेनल्टीवर वाचले. २०२४ मध्ये रेथ रोव्हर्सला ६-१. या साली लिव्हिंग्स्टननं ५-३ नं खाली ढकललं. तीनदा विहिरीच्या काठावरून कोण परत येतं?

चॅम्पियन कोण हे एप्रिलमध्ये कळलेलं असूनही मेच्या शेवटापर्यंत लोक पाहतात ते याच्यासाठी. गोलीभाऊंच्या गावांतही सातव्या-आठव्या नंबराला काहीतरी ठेवा. खालच्या सहांतल्या पहिल्याला छोटंसं बक्षीस ठेवा, बोकड नको, कोंबडा चालेल.

---

पुसदची_लेक · १४ जून २०२५, पहाटे ३:१०

इथं अजून रात्रच आहे, वेळ पाहून घाबरू नका. मी डंडीत एमएस्सी करतेय, प्रबंध लिहिणं चालू आहे, आणि जूनमध्ये इथं रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळं झोपेचं सगळं बिघडलंय.

मरूनदादांनी डेन्स पार्क म्हटलं, आणि सेल्टिकनं लीग पक्की केली ते टॅनाडाइस म्हटलं. ही दोन्ही स्टेडियम एकाच रस्त्यावर आहेत हे वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं नसेल. एकाच्या गेटपासून दुसऱ्याच्या गेटपर्यंत चालत जायला तीन-चार मिनिटं. एकात डंडी, दुसऱ्यात डंडी युनायटेड. १९८३ मध्ये युनायटेडनं त्यांची एकमेव लीग जिंकली तीही शेजाऱ्याच्या मैदानावर, डेन्स पार्कवर, २-१ नं. माझी घरमालकीण तो दिवस अजून सांगते. ती डंडीची आहे, म्हणून रागानं सांगते.

या साली युनायटेड खालून वर आलेला आणि थेट चौथा. शेवटच्या दिवशी टॅनाडाइसवर ॲबरडीनशी गाठ होती, चौथ्या नंबरसाठीच. युनायटेड २-१ जिंकला आणि माणसं मैदानात उतरली. त्या गोंधळात ॲबरडीनच्या प्रेक्षकांकडून भिरकावलेली खुर्ची लागली ती ॲबरडीनच्याच खेळाडूला, मॅकेन्झीला. गोलीकाका, वायर तोडणारे सगळीकडे असतात. मी आत नव्हते, तिकीट परवडत नाही. खिडकीतून हेलिकॉप्टर ऐकलं आणि रूममेटच्या फोनवर बाकीचं पाहिलं.

तुमच्या आखराबद्दल एक विचारते. मैदान सपाट आहे ना? कारण इथं चौथ्या डिव्हिजनमध्ये बॉनीरिग रोझ म्हणून क्लब होता, एडिनबराजवळच्या लहान गावातला. त्यांच्या मैदानाला उतार आहे. लीगच्या नियमात किती उतार चालतो ते ठरलेलं आहे आणि यांचा त्याहून जास्त, म्हणून या हंगामात त्यांचे सहा गुण कापले. शेवटी ते तळाला राहिले, ईस्ट किलब्राइडशी प्ले-ऑफ हरले आणि लीगमधून बाहेर गेले.

---

आखरावरचा_गोली · १४ जून २०२५, रात्री ८:१५

अवं माय! सहा गुण उतारासाठी? आमचा आखर तं नाल्याकडं असा झुकलेला आहे का बॉल ठेवला तं आपोआपच चालते. वरून खालती खेळणाऱ्याचा गोली उभ्या उभ्या तंबाखू मळते. आमच्या सगळ्यायचेच सहा-सहा गुण कापावे लागतीन. अर्धा वेळ झाला का बाजू बदलतेच, तेवढंच समाधान.

तूर सोंगायची गोष्ट मोर्शीवाले भाऊ अगदी बरोबर बोलले, ९६ सामने कोणाच्यानं होत नाही. आज सांजच्याले कमिटीतल्या चौघायले पारावर बसवलं अन् ४८ सामन्यायचा हिशोब पाटीवर मांडून दाखवला. एकाचं म्हननं पडलं, का खालच्या अर्ध्यातल्या गावाचे गुण वरच्यापेक्षा जास्त झाले तं आम्ही गावाले काय तोंड दाखवाचं. मी इन्व्हरनेसची गोष्ट सांगतली. थो म्हने, इन्व्हरनेसवाल्याले आमच्या गावातून पोरगी कराची नाही, आम्हाले कराची आहे. याच्यावर मले उत्तर सुचलं नाही.

म्हणून असं ठरवलं. गट सहा-सहा, मंग वरचे सहा अन् खालचे सहा, गुण सोबत. खालच्या सहांतल्या पह्यल्याले कोंबडे, एक नाही दोन. सारखे गुण आले तं आधी वजाबाकी, मंग ज्यायनं गोल जास्त केले तो, मंग त्या दोघांच्या आपसातला सामना. हे बॅनरवर छापून मैदानात लावाचं, अन् बाराही गावच्या कप्तानाची सही वहीत घ्यायची, दिवाळीच्या आधी. भागाकाराचं मी बोललोच नाही, आमच्या कमिटीत भागाकार म्हटलं का जेवणाचा टाइम होते.

भाच्यालेही इचारलं. थो म्हने मामा, युरोपात जागा भेटली, लीगमधी पाचवे असून. मी म्हटलं, आमच्याकडं पाचव्याले कोंबडाही नाही.

एकच राह्यलं. बरोबरीनंतर लगेच पेनल्टी म्हणता, थे पाच-पाच माराच्या का?

---

मरून_मोर्शी · १४ जून २०२५, रात्री ११:०५

तिकडं पाच-पाच मारतात, अन् तरी नाही सुटलं तर एकेक करत पुढं. तुम्ही तीन-तीनच ठेवा. नोव्हेंबरच्या शेवटी तुमच्याकडं साडेपाचला अंधार पडायला लागतो. दुसरा सामना साडेतीनला सुरू झाला अन् मधात कोणाची बैलगाडी आडवी आली, तर पाचवी पेनल्टी मोबाइलच्या टॉर्चवर मारावी लागेल. दुसरा सामना तीनलाच लावा. अन् पेनल्टी वरच्या अंगाच्या गोलवर मारा, नाल्याकडच्या नाही, नाही तर हुकलेला बॉल आणायलाच पोट्ट्यांचा अर्धा तास जाईल.